किल्ली पुसली गेली

पद मिळालं की माणसाची मान दोन बोटं वर जाते. नोंदसाहेबांची चार बोटं वर गेली होती, आणि त्यात त्यांचा फारसा दोष नव्हता. दातांच्या धर्मादाय रुग्णालयात अठ्ठावीस वर्षं नोंद विभाग सांभाळून त्यांना आजवर मिळालं होतं काय, तर धुळीची ॲलर्जी आणि हे टोपणनाव. अशा माणसाच्या टेबलावर एके सकाळी छापील पत्र येतं, ‘आपली नेमणूक रुग्णालयाचे प्रमुख की-कस्टोडियन अर्थात किल्लीरक्षक म्हणून करण्यात येत आहे,’ तेव्हा मान वर जाणारच.

रुग्णांच्या नोंदी आता रुग्णालयात राहत नव्हत्या. त्या क्लाउडवर होत्या. क्लाउड म्हणजे ढग वगैरे काही नव्हे, दूर कुठल्याशा कंपनीचे भाड्याने घेतलेले संगणक. परक्याच्या घरात आपलं सामान ठेवायचं तर ते उघडं ठेवून चालत नाही, म्हणून एक लाख चाळीस हजार रुग्णांच्या दातांची सगळी हकीकत तिथे सांकेतिक लिपीत साठवलेली होती. ती लिपी उलगडायची तर किल्ली हवी. ही किल्ली म्हणजे नुसता आकड्या-अक्षरांचा लांबलचक पट्टा, आणि तो वेगळ्याच डिजिटल तिजोरीत ठेवलेला. त्या तिजोरीचा कारभार आता नोंदसाहेबांकडे आला होता.

“म्हणजे तुम्हाला नक्की काय करायचं असतं?” बायकोने विचारलं. ती शाळेत भाषा शिकवायची आणि वर्गाबाहेरही प्रश्न नेमके विचारायची.

“जबाबदारी असते,” नोंदसाहेब म्हणाले.

“ते कळलं. करायचं काय असतं?”

नोंदसाहेबांनी चष्मा पुसायला घेतला. उत्तर माहीत नसलं की ते चष्मा पुसत.

खरं तर करायचं काय, हे संगणक विभागातल्या बाईंनी त्यांना नीट समजावलं होतं. या बाई हुशार, बोलायला फास्ट, आणि दुसऱ्या दिवसापासून दहा दिवस डोंगरात भटकायला जाणार होत्या, तेही जिथे फोन लागत नाही अशा ठिकाणी. जाण्याच्या गडबडीत त्यांनी सांगितलं, “सर, वर्षातून एकदा किल्ली बदलायची. शनिवारी नवी तयार करा, चालू करा. पुढच्या नोंदी आपोआप नव्या किल्लीने बंद होतील. जुन्या नोंदी जुन्या किल्लीवरच राहतील, त्या मी आल्यावर हलवते. तोवर...” नेमका तेव्हाच त्यांचा फोन वाजला. तो घेता घेता त्यांनी हाताने ‘तोवर काही करू नका’ अशी खूण केली. नोंदसाहेबांना ती ‘निघा आता’ अशी वाटली. त्यांनी गंभीरपणे मान हलवली आणि ते निघाले.

शनिवारी दुपारी नवी किल्ली तयार झाली. चार बटणं आणि एक हिरवी खूण, की संपलं काम. इतकं सोपं झाल्यामुळे नोंदसाहेब थोडे खट्टूच झाले. पडद्यावर आता दोन किल्ल्या दिसत होत्या, नवी आणि जुनी. अठ्ठावीस वर्षं ज्याने एकही कागद दोनदा लावू दिला नाही, त्याच्या डोळ्यांना ती जुनी किल्ली खुपायला लागली. पण आपल्याच मनाने काही करण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. त्यांनी शेजाऱ्यांना फोन लावला.

शेजारी म्हणजे निवृत्त जेलर. जिन्यात भेटले तरी हजेरी घेतल्यासारखं बोलत. किल्ल्यांच्या बाबतीत मात्र त्यांच्याइतका अनुभवी माणूस त्या इमारतीतच काय, आसपासच्या चार गल्ल्यांत नव्हता.

“कुलूप बदललं?” जेलरसाहेबांनी विचारलं.

“बदललं.”

“आणि जुनी चावी अजून जिवंत?”

“हो, दिसतेय समोर.”

“वेड लागलंय का तुम्हाला! एकतीस वर्षांच्या नोकरीत मी एक गोष्ट शिकलो. कुलूप बदललं की जुनी चावी त्याच दिवशी वितळवायची. जुनी चावी म्हणजे घरात लपलेला चोर. आत्ताच्या आत्ता तिचा निकाल लावा!”

नोंदसाहेबांनी जुन्या किल्लीसमोरचं ‘डिलीट’ दाबलं. यंत्र तसं बिचारं सज्जन. त्याने विचारलं, नक्की ना? त्यांनी सांगितलं, नक्की. त्याने किल्लीचं नाव टाइप करायला लावलं. त्यांनी केलं. मग त्याने सांगितलं, किल्ली लगेच नष्ट होणार नाही, सात ते तीस दिवसांची मुदत निवडा. विचार बदलायला यंत्र माणसाला महिनाभर देत होतं. पण शुभस्य शीघ्रम् म्हणत नोंदसाहेबांनी सात दिवस निवडले, खिडक्या लावल्या आणि शीळ घालत घरी गेले.

सोमवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी खुर्ची क्रमांक नऊवर एक गृहस्थ तोंड उघडून पडले होते. ते रेडिओवर बातम्या सांगायचे, त्यामुळे अर्ध्या गावाला त्यांचा आवाज ओळखीचा होता. भूल देऊन झाली होती. डाव्या खालच्या दाढांपैकी एक काढायची ठरलेली होती. कुठली, ते गेल्या महिन्यात एक्स-रे बघून नोंदीत लिहून ठेवलं होतं. तरुण डॉक्टरबाईंनी नोंद उघडली. पडद्यावर आलं, ‘ही नोंद उलगडता येत नाही.’

“तुमची कुठली दाढ ठरली होती हो?” डॉक्टरबाईंनी विचारलं.

“ओआई आआवी,” निवेदक म्हणाले.

“सहावी की सातवी?”

“ओआई!”

“बोटाने दाखवा.”

त्यांनी बोट दाखवलं, पण जबड्याचा तो सगळाच भाग बधिर झालेला. बोट कुठे टेकलंय ते त्यांनाही कळेना. शेवटी डॉक्टरबाईंनी एकही दाढ न काढता त्यांना घरी पाठवलं. संध्याकाळच्या बातम्या त्या दिवशी दुसऱ्याच कुणीतरी सांगितल्या.

दहा वाजेपर्यंत बाराही खुर्च्यांवरून ओरड सुरू झाली. नव्या रुग्णांच्या नोंदी लोण्यासारख्या उघडत होत्या, जुनी एकही उघडत नव्हती. कवळीचं माप सापडेना, तारा किती घट्ट करायच्या ते कळेना. नोंदसाहेबांनी तिजोरीचा पडदा उघडला. जुन्या किल्लीपुढे लाल अक्षरांत लिहिलं होतं, ‘नष्ट होण्याच्या प्रतीक्षेत. पाच दिवस शिल्लक.’ त्याखाली बारीक अक्षरांत होतं की या मुदतीत ही किल्ली वापरता येणार नाही, आणि मुदतीनंतर तिने बंद केलेलं काहीही, कुणालाही, कधीही उघडता येणार नाही.

ही बारीक अक्षरं शनिवारीही तिथेच होती.

त्यांनी घाईघाईने ‘रद्द करा’ दाबलं. यंत्र म्हणालं, दुसऱ्या कस्टोडियनची मंजुरी लागेल. किल्ली मारायला एक माणूस पुरत होता, वाचवायला मात्र दोन लागत होते! नोंदसाहेबांनी कपाळावर हात मारला. पण अठ्ठावीस वर्षं कचेरीत काढलेल्या माणसाला यात नवल वाटण्यासारखं काही नव्हतं.

दुसऱ्या कस्टोडियन होत्या मोठ्या बाई. रुग्णालयाच्या संस्थापक विश्वस्त, स्वतः दंतवैद्य, वय एकोणऐंशी. त्यांनी एकदा एका मंत्र्याला आधी हात धुऊन या म्हणून खुर्चीवरून उठवलं होतं. त्यांच्यासमोर जाऊन ‘बाई, माझ्या हातून सगळ्या नोंदी गेल्या’ म्हणण्यापेक्षा नोंदसाहेबांनी आपली बत्तिशी काढून दिली असती, तीही भूल न घेता.

म्हणून त्यांनी आडवाट धरली. आधी बाहेर सूचना लावली, ‘तांत्रिक देखभालीमुळे जुन्या नोंदी तात्पुरत्या उपलब्ध नाहीत.’ संचालकांनाही तेच सांगितलं. मग कंपनीच्या मदतकेंद्राला फोन केला. मोठ्या बाईंऐवजी दुसरं एखादं नाव घालता आलं, तर चव्हाट्यावर न येता सगळं निभावणार होतं.

मदतकेंद्राने चाळीस मिनिटं संगीत ऐकवलं. मग एक गोड आवाज आला. “सर, कस्टोडियन बदलायचा तर तुमच्या स्वतःच्या नेमणुकीच्या पत्राची प्रत पाठवा.”

“पत्र आमच्या नोंदींत जोडून ठेवलंय.”

“छान! मग तिथून डाउनलोड करा.”

“त्याच नोंदी बंद आहेत. त्या उघडाव्यात म्हणून तर मी फोन केलाय.”

“बरोबर, सर. उघडल्या की पाठवा.”

“अहो ताई, पत्राशिवाय उघडणार नाहीत, आणि उघडल्याशिवाय पत्र मिळणार नाही!”

“मी तुमची अडचण समजू शकते, सर,” आवाज म्हणाला, आणि पुन्हा संगीत सुरू झालं.

त्या पत्राचा मूळ कागद? तो यंत्रात घालून त्याच्या शेवया करण्यात आल्या होत्या. ‘कागदविरहित कार्यालय’ ही मोहीम गेल्या महिन्यात मोठ्या उत्साहाने कुणी राबवली होती, ते सांगायला नको.

संध्याकाळी जिन्यात जेलरसाहेब भेटले. सगळं ऐकून त्यांनी मिशीवर बोट फिरवलं.

“पण जुन्या कोठड्यांना जुनीच कुलपं होती, हे तुम्ही मला कुठे सांगितलं?”

“तुम्ही विचारलं नाही.”

“मी तुरुंगाबद्दल बोलत होतो. तुरुंगात आम्ही आधी कैदी नव्या कोठडीत हलवतो, मग जुनी चावी वितळवतो. हे पोरंसोरंही सांगतील!” एवढं बोलून ते वर गेले. दार लावल्यावर त्यांनी कडी दोनदा ओढून पाहिली, तोही आवाज नोंदसाहेबांना आपल्यालाच उद्देशून वाटला.

मंगळवारी संचालकांना देखभालीचा संशय आला, म्हणून त्यांनी त्रिसदस्य चौकशी समिती नेमली. विषयाची सर्वांत जास्त माहिती असलेले गृहस्थ म्हणून समितीचं चिटणीसपद नोंदसाहेबांकडे दिलं. बुधवारी पहिली बैठक झाली. इतिवृत्तात ‘किल्ली’ लिहायचं की ‘चावी’, यावर सव्वा तास गेला. एका सदस्याचं म्हणणं, किल्ली घड्याळाची असते, कुलपाची चावी. दुसऱ्याला चावी हा शब्द कार्यालयीन वाटत नव्हता. शेवटी ‘किल्ली ऊर्फ चावी’ असं एकमताने ठरलं, आणि वेळ संपल्यामुळे ती गेली कुठे हा विषय पुढच्या बैठकीवर टाकला गेला. पुढची बैठक सोमवारी होती. किल्ली शनिवारी दुपारी मरणार होती. नोंदसाहेबांनी हे सगळं सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं.

बैठकीतून बाहेर येताना त्यांना बाकावर एक म्हातारे गृहस्थ दिसले. गाल सुजून टमाटर झाला होता. समोर डॉक्टरबाई उभ्या होत्या, हातात काहीच न घेता.

“आजोबा, तुम्हाला कुठलं औषध चालत नाही, एवढं आठवून सांगा.”

“नाव नाही गं लक्षात, बाई. मागे एकदा दिलं तर घसा असा आवळला, की तीन दिवस मोठ्या दवाखान्यात होतो. तेव्हा तुमच्याच डॉक्टरांनी नाव लिहून घेतलं आणि म्हणाले, आता काळजी करू नका.” आजोबा गालावर हात ठेवून थांबले. “तुमच्याकडे लिहिलंय म्हटल्यावर मी कशाला लक्षात ठेवू?”

डॉक्टरबाईंनी सूचनाफलकाकडे पाहिलं, मग नोंदसाहेबांकडे. “ही देखभाल संपणार कधी?”

नोंदसाहेबांनी चष्मा काढला, पण पुसला नाही.

आजोबांना त्या दिवशी नुसत्या गरम पाण्याच्या गुळण्या सांगून घरी पाठवलं. जिना उतरताना ते दर पायरीला थांबत होते.

गुरुवारी नोंदसाहेब घरी लवकर आले आणि टेबलाशी कागद घेऊन बसले. तासाभराने त्यांनी तो बायकोपुढे ठेवला. मोठ्या बाईंना लिहिलेलं पत्र होतं. तिने पेपर तपासायचं तांबडं पेन बाजूला न ठेवताच वाचलं.

“‘दिनांक अमुक रोजी सदर किल्ली पुसली गेली.’ म्हणजे? ती काय आपोआप गेली?”

“कार्यालयीन भाषा असते तशी.”

“कर्ता कुठे आहे वाक्यात?”

“तो... अध्याहृत आहे.”

“अहो, इथे समोर तर बसलाय.” तिने ‘गेली’वर काट मारली. “पुढे, ‘रुग्णांची गैरसोय होत असल्याचे निदर्शनास आले.’ कुणाच्या निदर्शनास?”

नोंदसाहेबांनी कागद स्वतःकडे ओढला. मग त्यांनी तिला त्या आजोबांबद्दल सांगितलं, सुजलेल्या गालाचं आणि दर पायरीचं. बायकोने पेनाला टोपण लावलं.

“हेच लिहा,” ती म्हणाली. “आत्ता बोललात तसंच.”

त्यांनी लिहिलं, ‘मी जुनी किल्ली पुसली. मला काही समजलं नव्हतं आणि मी विचारलं नाही. मग मी देखभालीचं खोटं सांगितलं.’ अठ्ठावीस वर्षांत ‘मी’ असलेली इतकी वाक्यं त्यांनी एका कागदावर कधी लिहिली नव्हती.

शुक्रवारी सकाळी ते मोठ्या बाईंच्या घरी गेले. बाईंनी पत्र उभ्यानेच वाचलं, भिंग लावून, दोनदा.

“गाढवपणा केलात,” त्या म्हणाल्या.

“हो, बाई.”

“पण लिहिलंय सरळ. आता मी काय करायचं ते सांगा.”

मंजुरीसाठी सहा आकडी क्रमांक बाईंच्या फोनवर येणार होता. तो फोन म्हणजे दिवाणखान्यातला वायरचा काळा फोन, कारण विश्वस्तांच्या यादीत तोच नंबर होता आणि ती यादी नोंद विभागाचीच. त्यावर संदेश येणार कसा? पण यंत्राने सोय ठेवली होती, क्रमांक बोलून दाखवायची. तीन वेळा चुकलं तर मात्र बहात्तर तास बंद. बहात्तर तासांनी सोमवार उजाडणार होता.

नोंदसाहेबांनी लॅपटॉपवर बटण दाबलं. काळा फोन खणखणला.

“हॅलो, कोण बोलतंय?” बाईंनी करड्या आवाजात विचारलं. “काय? चार? चार काय? आधी नाव सांगा! फोन करायची ही काय पद्धत झाली?” आणि त्यांनी फोन आपटला. “उद्धट बाई आहे. नावच सांगत नाही.”

“बाई, ते यंत्र होतं.”

“यंत्र? मग तसं आधी सांगायचं.”

दुसऱ्यांदा बाईंनी यंत्राला सावकाश बोलायला सांगितलं. मोठ्याने सांगितलं, दोनदा सांगितलं, आणि तेवढ्यात ते बोलून मोकळं झालं. उरली एक संधी. बाईंनी मात्र शांतपणे वर्तमानपत्र पुढे ओढलं, पेन्सिल घेतली आणि ओठ घट्ट मिटले.

फोन खणखणला. बाई एक अक्षर बोलल्या नाहीत. समासात सहा आकडे झराझर उमटले.

“घ्या.”

नोंदसाहेबांनी पाहिलं. पाच आकडे ठीक होते. चौथा एक होता की नऊ, ते ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

“बाई, हा एक की नऊ?”

बाईंनी भिंग लावलं. डोळे बारीक केले. “आता कसं सांगू? ऐकलं ते लिहिलं. पन्नास वर्षं लिहितेय, वाचायचं काम माझं नव्हतंच कधी.”

तेही खरंच होतं. वाचायचं काम नोंदसाहेबांचं होतं. नोकरीची पहिली अकरा वर्षं त्यांनी याच बाईंच्या केसपेपरांची अक्षरं लावली होती. औषधांच्या दुकानदारांनी हात टेकले, की चिठ्ठी त्यांच्याकडे यायची. त्यांनी वर्तमानपत्र खिडकीपाशी नेलं आणि उजेडात तिरकं धरलं. बाई नऊ काढताना पेन्सिल उचलत नसत. एक काढताना मात्र शेवटाला खाली झटका देत, इंजेक्शन टोचल्यासारखा. इथे कागदाला बारीकसं भोक पडलं होतं.

“एक,” नोंदसाहेब म्हणाले.

“नक्की?”

“तुमचा एक आहे, बाई. मी ओळखतो.”

त्यांनी आकडे घातले. पडद्यावरचं चक्र फिरलं, बराच वेळ फिरलं. मग लाल अक्षरं गेली आणि ‘किल्ली उपलब्ध’ असं आलं. नोंदसाहेब खुर्चीत बसले. बाईंनी त्यांना पाण्याचा पेला दिला, आणि तो संपेपर्यंत कुठलाही उपदेश केला नाही. त्यांच्या बाबतीत ही मोठीच गोष्ट होती.

तिथूनच नोंदसाहेबांनी जुन्या किल्लीने सगळं उघडतंय ना ते पाहिलं, डॉक्टरबाईंना फोन केला आणि आजोबांना न चालणाऱ्या औषधाचं नाव वाचून दाखवलं. पलीकडून त्या म्हणाल्या, “बरं झालं. मी तेच देणार होते.”

दुपारी ते संचालकांकडे गेले आणि पत्राची प्रत पुढे ठेवली. संचालकांनी ती वाचली, दार लावून घेतलं आणि पुन्हा वाचली.

“हे काय लिहिलंय? ‘मी पुसली’?”

“हो साहेब.”

“असं कुणी लिहितं का? उद्या कोणी विचारलं तर?” संचालकांनी निळं पेन काढलं, ‘मी’वर रेघ मारली आणि शेवटी ‘गेली’ लिहिलं. “हं. आता ठीक आहे. हे समितीच्या कागदांत लावा. आणि हो, देखभाल पूर्ण झाल्याची सूचना लावा बाहेर.”

नोंदसाहेब दुरुस्त केलेला कागद घेऊन बाहेर आले. सूचनाफलकापाशी बरेच रुग्ण उभे होते. त्यांनी देखभालीची सूचना काढली, घडी केली, खिशात घातली. मग दुसऱ्या खिशातून मूळ पत्राची स्वच्छ प्रत काढली, चार टाचण्या मारल्या आणि बाजूला उभे राहिले. आता लोक काय म्हणतील, कोण अंगावर येईल, याचा नेम नव्हता.

एका बाईंनी शेवटपर्यंत वाचलं. मग त्यांच्याकडे वळल्या.

“म्हणजे आज डॉक्टर बसणार ना?”

“बसणार.”

“मग झालं,” म्हणून त्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. बाकीचेही त्यांच्या मागे गेले.

एवढ्यात संचालकांचं दार उघडलं. ते फलकासमोर आले, वाचू लागले, आणि त्यांचा चेहरा हळूहळू तांबडा होत गेला.

“ही सूचना,” त्यांनी विचारलं, “इथे कोणाकडून लावली गेली?”

“मी लावली,” नोंदसाहेब म्हणाले.